शहारेमामांचे दोरे

शहारेमामांच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर नावं नव्हती, दोरे होते. लाल दोरा म्हणजे आम्ल, निळा म्हणजे आम्लारी, पांढरा म्हणजे क्षार. दोऱ्याला एक गाठ असली तर द्रावण विरल, तीन गाठी असल्या तर संहत. मामांच्या भाषेत एका गाठीचं ते 'गरीब' आणि तीन गाठींचं ते 'जहाल'. त्यांची बायको घरी विड्या बांधायची. विड्यांचे रंगीत दोरे घरात पडलेलेच असायचे, त्यातले तीन रंग मामांनी उचलले होते. कंपनीची इंग्रजी लेबलं कधीच पिवळी पडून, ओघळांनी खाल्ली जाऊन गेली होती. अठरा वर्षं ती प्रयोगशाळा या दोऱ्यांवर चालली आणि अठरा वर्षांत एकाही पोराच्या बोटाला चटका बसला नाही.

२००१ साली मी तिथे शिक्षण सेवक म्हणून लागलो. देवरीच्या पुढे, चिचगडच्या अंगाला, जंगलाला खेटून असलेलं गाव. मी गोंदिया शहरात वाढलेला, नवी कोरी बी.एस्सी., बी.एड. पहिल्याच दिवशी कपाट उघडून एक बाटली उचलायला गेलो, तर मागून आवाज आला, "थांबा जी सर. पहिले दोरा पाहाचा."

मी वळून पाहिलं. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, खांद्यावर फडकं, पन्नाशीच्या अलीकडचा सडपातळ माणूस. प्रयोगशाळा परिचर, मनोहर शहारे.

"मामा, मी बी.एस्सी. आहे," मी हसत म्हणालो.

"असान जी. पन तेजाबाले थोडीच मालूम हाय?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. चौथी पास माणूस मला शिकवतो म्हणजे काय! पण महिन्याभरात माझी मस्ती उतरली. आठवीचा वर्ग प्रयोगशाळेत आणला की शिकवायचो मी आणि पोरांना समजायचं मामांचं. मी फळ्यावर समीकरण लिहायचो. मामा मागून एकच वाक्य टाकायचे, "दोघं भांडून भांडून थकले का मीठ होते, पोट्टेहो." उदासीनीकरणाची याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

लिटमस कागद संपला की शाळेला महिना महिना मिळायचा नाही. मामा वहीच्या कागदाला हळद चोळून पट्ट्या करून ठेवायचे. आम्लारी लागली की पट्टी लाल. एकदा त्यांनी आंब्यावरच्या लाल मुंग्यांचं घरटं फांदीसकट तोडून आणलं आणि त्यावर निळा लिटमस अलगद दाबला. कागदावर लाल ठिपकेच ठिपके. पोरी किंचाळून बाकांवर चढल्या. "पाहा, मुंगीच्या ढुंगनात बी तेजाब हाय," मामा म्हणाले, "अन् तुमी तिची चटनी खाता!" त्या दिवशी वर्ग आवरायला मला अर्धा तास लागला. मुख्याध्यापक डोकावून गेले ते वेगळंच.

पण दोन गोष्टींत मामा थट्टा चालू द्यायचे नाहीत. एक म्हणजे ॲसिड अंगावर उडालं तर सोडा लावायचा नाही आणि सोडा उडाला तर लिंबू लावायचं नाही. "आंगावर भांडन लावाचा नाही. नुसता पानी, भरपूर पानी." दुसरी म्हणजे चाखणं. मिठाचं द्रावण आहे म्हणून एखाद्या पोरानं बोट तोंडाकडे नेलं की मामा त्याचा हातच धरायचे. "जीभ भाजी खायाले देल्ली हाय. तेजाब बोंबलते, आपल्याले समजते. सोडा गुपचाप खाते. पहिले साबनासारखा लागते, मंग मांस जाते." हे ते दर वर्षी, दर वर्गाला, त्याच शब्दांत सांगायचे.

आता मी जे केलं ते सांगतो.

माझं तिसरं वर्ष होतं. शिक्षण सेवकाला तीन वर्षं पूर्ण झाली की कायम करतात, तोवर संस्थेच्या मर्जीवर. दिवाळीनंतर शाळेची तपासणी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बिसेन सर, प्रयोगशाळा जरा चकाचक करून घ्या." मला तेवढंच हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मामा धानाच्या कापणीला गावी गेलेले. मी गोंदियाहून कॉम्प्युटरवर छापलेली लेबलं आणली, इंग्रजीत, सुबक अक्षरांत. एक अख्खा दिवस बसून मी ब्लेडनं सगळे दोरे कापले, बाटल्या धुतल्या, लेबलं चिकटवली आणि इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं कपाटात लावल्या. आधी कपाटात आम्लं वरच्या फळीवर, आम्लाऱ्या मधल्या, क्षार खालच्या. आता सोडियमनं सुरू होणारं सगळं एका ओळीत आलं, मग तो कॉस्टिक सोडा असो की खायचं मीठ. कापलेल्या दोऱ्यांचा एवढासा ढीग झाला. तो मी काडी लावून जाळला आणि हात झटकले. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात प्रयोगशाळा.

सुट्टी संपून मामा आले. कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले.

"झकास दिसते जी सर," शेवटी म्हणाले. मग, "दोरे कुठं गेले?"

"जाळले मामा. काय ते घाणेरडे दोरे!"

"बरं," म्हणाले आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला लागले.

दोन-तीन दिवसांनी मी वह्या तपासत होतो. मामा शेजारी येऊन घुटमळले. "सर, मराठीत बी नावं लिवले असते तं..." मी मान वर न करता हसलो. "काय मामा, अठरा वर्षं प्रयोगशाळेत काढली, एवढी इंग्रजी नावं येत नाहीत?" मामाही हसले. "खरं हाय जी," म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांच्या त्या वाक्याला मी नुसतं 'लिहू या' एवढं म्हटलं असतं! दहा मिनिटांचं काम होतं. मराठी त्यांना छान वाचता यायचं.

डिसेंबरात आठवीचा तास होता. तीन वाट्या, तीन द्रावणं, लिटमसनं ओळखा. मामा वाट्या भरत होते. मी स्टाफरूममध्ये चहा पीत बसलो होतो, घंटा होऊन पाच मिनिटं झाली होती तरी. तेवढ्यात पोरं ओरडत आली, "सर, मामा! मामा!"

मामा नळाखाली तोंड उघडं धरून वाकले होते. पाणी धो धो वाहत होतं. मला पाहताच त्यांनी एका हातानं टेबलावरच्या वाट्या दाखवल्या आणि जोरजोरात बोट हलवलं. पोरांना हात लावू देऊ नका. हे पहिलं. मग पुन्हा नळाखाली. कुणीतरी शिक्षक लिंबू घेऊन धावत आले. मामांनी त्यांचा हात झटकून टाकला आणि पाणीच घेत राहिले.

मिठाच्या पाण्याऐवजी त्यांनी कॉस्टिक सोड्याचं द्रावण भरलं होतं. साबण करून दाखवायला मीच ते बनवून ठेवलं होतं, चांगलं जहाल. दोन बाटल्या शेजारी शेजारी, लेबलाचा पहिला शब्द एकच. पण चाखू नका म्हणून पोरांचे हात धरणाऱ्या माणसानं स्वतः चाखलं का? मी तिथेच उभ्या असलेल्या एका पोरीला विचारलं, आज काय झालं? ती रडत म्हणाली, "आज नाही जी सर, मामा रोजच चाखते. दिवाळीपासून. आमाले मिठाचा पानी देवाच्या पहिले एक थेंब जिभेवर ठेवते."

दोरे गेल्यापासून या माणसाचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता आणि पोरांना काही होऊ नये म्हणून तो रोज आपली जीभ पुढे करत होता.

मोटरसायकलवर मागे बसवून मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासता तपासता डॉक्टर चिडून म्हणाले, "प्रयोगशाळेत काम करणारा माणूस रसायन चाखतो? कमाल आहे. का चाखलं?"

मामांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मलाही कळत नाही," मी म्हणालो.

तोंडातून गेलं ते. डॉक्टरांसमोर मला कसली भीती होती? कायम व्हायला सहा महिने राहिले होते, एवढंच डोक्यात होतं. परवानगी न घेता बाटल्यांच्या खुणा काढल्या, जहाल द्रावण कपाटात खुलं ठेवलं, तासाला वेळेवर हजर नव्हतो. यातली एक गोष्ट पुरे होती.

संस्थेनं माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिलं, 'परिचराने बाटली ओळखण्यात चूक केली व नियमाविरुद्ध स्वतःहून रसायन चाखले.' एक शब्द खोटा नव्हता त्यात. मग मामांचा लेखी खुलासा मागितला. त्यांची जीभ अजून सुजलेली होती. ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि खुणेनं म्हणाले, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. आणि मी लिहिला! 'माझ्या हातून चूक झाली, यापुढे अशी चूक होणार नाही.' मामांनी तो दोनदा वाचला, मान डोलावली आणि खाली सही केली.

बैठकीत दोन मिनिटांत निकाल लागला. आत बसलेल्यांची आडनावं आणि माझं आडनाव एकाच गोतातली. शहारे हे आडनाव तेवढं दाराबाहेर उभं होतं. कुणी काही वाईट बोललं नाही, पण कुणी काही विचारलंही नाही. मामांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. जूनमध्ये मी कायम झालो. पेढे वाटले. मामांनीही एक घेतला.

जीभ बरी झाली, पण बोलणं थोडं जड राहिलं आणि चव गेली ती गेलीच. "भाजीत मीठ हाय का नाही, ते बायकोले विचारा लागते," असं हसत सांगायचे. फाटकावरही ते पांढराच शर्ट घालायचे. नवा परिचर आला, त्याला इंग्रजी वाचता यायचं, पण पोरं त्याचं ऐकायची नाहीत. मला रोज फाटकातूनच आत जावं लागायचं. मामा उठून उभे राहायचे, "नमस्ते जी सर." मी गाडीचा वेग कमी करायचो नाही.

एका दुपारी त्यांनी मला थांबवलं. "सर, एक इचारू का? अठरा वर्स मी चुकलो नाही. मंग तवाच कसा चुकलो जी?"

ते मला आडून विचारत नव्हते. खरोखर विचारत होते. शाळेच्या, पोरांच्या, गावाच्या नजरेत ते अनाडी ठरले होते आणि आता त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

"होतं मामा. वय होतं," मी म्हणालो.

"हो जी. वयच असान," ते म्हणाले. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

आता वाटतं, अहवालापेक्षा हे वाईट केलं. अहवालाच्या वेळी मी भ्यालेला होतो. या दुपारी मला कशाचीच भीती नव्हती, नोकरी पक्की होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. नुसती लाज वाटत होती, आणि ती लाज वाचवायला मी त्यांच्या वयावर ढकललं.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात भाषण मीच केलं. दोरे, लाल मुंग्या, सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मामांनी डोळे पुसले. मीही पुसले.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी माझ्याकडे काही महिने प्रभारी मुख्याध्यापकाचं काम आलं. जुन्या फायली लावता लावता एका फायलीत ते दोन कागद निघाले, माझा अहवाल आणि मामांचा खुलासा. आरोप करणारा आणि कबूल होणारा, दोघांचं अक्षर एकच. मी फाईल मिटली, पुन्हा उघडली. डबा तसाच राहिला. सकाळची शाळा संपायला दोन तास होते. मी गाडी काढली आणि मामांच्या गावी गेलो.

मामा अंगणात खाटेवर बसले होते. पार वाळले होते, दमा लागला होता. "अरे, सर! या जी, या. आमच्या घरी कसे का?" मी बसलोच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोरे मी कापले, तुम्ही मराठी नावं मागितली तेव्हा मी हसलो, ती पोरगी काय बोलली ते मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी लिहिलं नाही. "चूक तुमची नव्हती मामा. माझी होती."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"म्हंजे मी चुकलो नवतो?"

"नव्हता मामा."

"मंग फाटकावर मी कायले बसलो एवढे वर्स?"



त्यांनी आत हाक मारली. "अवो, बाहेर ये. सर का म्हनते ते आयक." मामी हात पुसत आल्या. "सांगा जी सर. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. मामी भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. "मी म्हनत होती का नाही," त्या मामांना म्हणाल्या, "माया मानूस असा चुकत नाही म्हून?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

कुंपणापलीकडे शेजारी धान वाळवत होता. मामांनी त्यालाही बोलावलं. "सांगा जी." मी तिसऱ्यांदा सांगितलं. कान नुसते पेटले होते माझे. शेजारी बिचारा गोंधळून एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता मामा रडतील, नाहीतर शिव्या तरी देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते भिंत धरून उठले, आत गेले आणि धुतलेला पांढरा शर्ट घालून बाहेर आले.

"चाला. शाळा सुटली नसान अजून."

"मामा, तुम्हाला दम लागतो..."

"मले इथं सांगून का होते सर? तुमी लिवलं तं शाळेत. शाळेतच सांगा."

त्यांना मागे बसवून मी निघालो. रस्ताभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, दवाखान्यात नेताना होता तसाच, फक्त हलका झाला होता.

फाटकावर ते थांबले नाहीत. सरळ प्रयोगशाळेत गेले. आठवीचा तास चालू होता. तिथल्या बाईंना मामांनी नमस्कार केला आणि त्या बाजूला झाल्या. यंदाच या शाळेत आलेल्या या पोरांतलं कुणीही मामांना ओळखत नव्हतं.

"पोट्टेहो, सर काही सांगून राहिले, ते आयका," मामा म्हणाले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले.

त्या खोलीत मी तेरा वर्षं बोलत आलो होतो. त्या दिवशी मात्र कसंबसं, अडखळत, सगळं सांगितलं. दोऱ्यांपासून खुलाशापर्यंत, कोण कोणाच्या अक्षरात काय बोललं तेही.

दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. दोन वेण्या, हातात चौकटीची वही. "मंग सर, तुमी तवाच काऊन नाही सांगतलं?"

बाई तिला खाली बसवायला पुढे झाल्या. दारातून मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो," मी म्हणालो. "आणि नंतर लाज वाटली म्हणून."

पोरीनं मामांकडे पाहिलं. सगळ्याच वर्गानं पाहिलं. मामांना बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी दाराची चौकट धरून दम घेतला.

"आयकलं न साऱ्याईनं?" ते म्हणाले. "आता बस, पोरी."

मला माफ केलं की नाही, हे मामांनी त्यानंतर कधी सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. विचारायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी विचारलंही नाही.